पुत्युलातील सात दिवस

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 28:11-16



इटली म्हटले की आपल्या खानापूर भागातील लोकांना तो देश फार दूरचा वाटतो. तरी तो आपल्याला अगदीच परका नाही. ज्या मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे, तिचे जवान 1943 ते 1945 या काळात इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तेथेच पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिवाय, आपल्यापैकी कोणी घर बांधावयास काढले की त्या देशातील समुद्रकाठच्या एका गावाचे नाव त्याच्या अंगणात येऊन पडते. सिमेंटच्या पोत्यावर ‘पोर्टलंड पोझोलाना’ असे शब्द असतात ना? त्यातील पोझोलाना हा शब्द नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून आला. याच गावाला आपल्या पवित्र शास्त्रात पुत्युल म्हटले आहे. आज वचनाचा हात धरून आपण त्या गावाला भेट देऊ या.

इ. स. 60 च्या सुमाराची गोष्ट. पौल कैदी होऊन रोमला चालला होता. वाटेत तारू फुटले. मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टात, तीन महिने काढावे लागले. मग आलेक्सांद्रियाच्या एका जहाजातून तो निघाला आणि दक्षिणेचा वारा लागताच पुत्युलाच्या बंदराला पोहोचला. त्या काळी मिसरातून रोमसाठी येणारे धान्य याच बंदरात उतरत असे. आलेक्सांद्रियाची जहाजे दिसू लागली की सारा गाव धक्क्यावर लोटत असे, असे त्याच काळच्या सेनेका या रोमी लेखकाने लिहिले आहे. कोणाला धान्याची चिंता, कोणाला पत्रांची, कोणाला व्यापाराची. त्या गर्दीत शिपायांच्या पहाऱ्यात उतरणाऱ्या एका थकलेल्या कैद्याकडे कोण पाहणार?

पण लूक सांगतो की तेथे त्यांना बंधू भेटले. त्या बंधूंनी विनंती केली, आणि पौल व त्याचे सोबती त्यांच्याजवळ सात दिवस राहिले. वृत्तांत इतकाच आहे. त्या बंधूंची नावे नाहीत, त्यांचा धंदा नाही, त्यांनी केलेल्या उपदेशाचा एक शब्दही नाही. फक्त त्यांचा पाहुणचार देवाच्या पुस्तकात नोंदला गेला.

यातून तीन गोष्टी आपण मनाशी धरू या.

पहिली, विनंती त्यांनी केली. आश्रय द्या म्हणून पौलाने त्यांचे दार ठोठावले, असे वचन सांगत नाही. पुढाकार घरवाल्यांचा होता.

दुसरी, त्यांनी कैद्याला आपले म्हटले. शताधिपती युल्याच्या संमतीवाचून पौलाला तेथे राहता आले नसते. अर्थात, हा मनुष्य आमचा आहे, हे त्यांना सरकारी अधिकाऱ्यासमोर उघड करावे लागले असेल. बेड्यांची लाज त्यांना वाटली नाही.

तिसरी, त्यांनी वेळ दिला. पुत्युलाहून रोम दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. त्या सात दिवसांतच पौलाच्या येण्याची वार्ता पुढे गेली असावी. कारण रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत व तीन उतारशाळांपर्यंत त्याला सामोरे आले. त्यांना पाहून पौलाने देवाची स्तुती केली व त्याला धीर आला. प्रेषितालाही धीराची गरज होती, हे आपण विसरू नये.

आता आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या मंडळीत होतो, तेथे एका रविवारी एक तरुण आला. मलप्रभेच्या खालच्या अंगाच्या कुठल्याशा गावाहून तो कौलांच्या कारखान्यात कामाला आला होता. बोली कानडी. शेवटच्या बाकावर बसला. उपासना संपल्यावर आम्ही त्याला नाव, गाव व भाषा विचारली आणि “देव बरे करो” म्हणून घरी जेवावयास गेलो. दुसऱ्या रविवारीही तसेच झाले. तिसऱ्या रविवारी तो दिसला नाही. पुढे कळले की तो आठ दिवस तापाने एकटा खोलीत पडून होता आणि मग गावी निघून गेला. त्याची खोली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन खानापूर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून सीमेचा प्रश्न आपण घरोघर बोलत आलो आहोत. पण त्या दिवशी सीमा आमच्या चुलीपाशी आखली गेली होती, व ती आम्हीच आखली होती. परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले नाही, असे प्रभू म्हणेल तेव्हा आम्ही काय उत्तर द्यावे? (मत्तय 25 वाचा.)

पुत्युलाच्या आसपास ज्वालामुखीची राख सापडते. एरवी ती वाऱ्यावर उडणारी धूळच. पण रोमी गवंडी ती चुन्यात मिसळत, आणि तो गिलावा समुद्राच्या पाण्यातही दगडासारखा घट्ट होई. बंदराचे धक्के त्यावर उभे राहत. आपला चहाचा कप, ताटातली भाकरी, तापात कपाळावर ठेवलेली ओली पट्टी, ही अशीच राख आहे. एकएकटी पाहिली तर काहीच नाही. पण ख्रिस्ताच्या प्रीतीत मिसळली की संकटाच्या लाटांतही मंडळीचे दगड सुटत नाहीत.

आज पोझ्झुओलीला जाणाऱ्या प्रवाशाला जुन्या बाजारपेठेचे तीन उंच खांब दिसतात. त्यांवर समुद्रातील शिंपल्यांनी पाडलेली छिद्रे आहेत; कारण तेथील जमीन शतकानुशतके खाली खचते व पुन्हा वर येते. 1970 साली जमीन वर येऊ लागली तेव्हा रिओने तेर्रा या जुन्या वस्तीतील लोकांना घरे सोडावी लागली. ज्या गावाने पाहुणे घेतले, त्या गावच्या लोकांवर दुसऱ्याच्या आसऱ्याला जाण्याची वेळ आली. आज यजमान असलेला उद्या पाहुणा होतो. आपली मुलेही नोकरीसाठी गोव्याला, पुण्याला जातात. तेथील मंडळीत त्यांना कोणी थांबवून घ्यावे, असे आपल्याला वाटत नाही काय?

म्हणून येत्या रविवारी नवे माणूस दिसले तर नाव-गाव विचारून थांबू नका. जेवावयास या, असा आग्रह करा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना नकाशावर पुत्युल दाखवावे आणि वर्गात नवीन आलेल्या मुलाशेजारी कोण बसेल, हे विचारावे. आजारी परक्याच्या दाराशी मंडळीतील कोणी तरी त्याच आठवड्यात गेलेच पाहिजे.

प्रार्थना : हे प्रभू, तू परका होऊन आमच्या दाराशी येतोस. आम्ही तुला ओळखले नाही, याची क्षमा कर. पुत्युलाच्या त्या बिननावाच्या बंधूंचे मन आम्हांला दे. आमेन.