रिकाम्या जागेचा प्रश्न

संगणकातील माहिती एकाच तबकडीवर न ठेवता अनेक तबकड्यांवर विभागून ठेवण्याची एक पद्धत आहे. बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कात्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने तिची मांडणी केली. समजा, तीन तबकड्यांवर ७, ५ व ८ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज, २०. कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. (प्रत्यक्षातील बेरीज निराळी असते, आपल्यापुरते एवढे पुरे.) दोन गेल्या की गणित थांबते.

आमच्या धर्मग्रामात तेच झाले. एक तबकडी काही महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती. इशाऱ्याचा दिवा लागलेला होता. तो आम्हां कुणाच्याच नजरेस आला नाही. दुसरी बंद पडली तेव्हा जाग आली. ‘रेड’ आहे म्हणजे निराळी प्रत ठेवायला नको, हा आमचा भाबडा समज. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदी त्यांत होत्या, आणि मूळ वह्यांतील काही पाने तोवर वाळवीने खाल्ली होती.

जाणकाराने प्रथम सर्वांचे हात थांबवले. यंत्रावर काहीही लिहायचे नाही. प्रत्येक तबकडीची हुबेहूब नक्कल घ्यायची व काम नकलेवरच करायचे. पहिली तबकडी फिरेचना. दुसरीचा बराचसा भाग वाचता आला. जिथे आला नाही, तिथे काही नोंदींतील आईचे नाव नाहीसे झाले.

काम करणारा तरुण म्हणाला, “थोरल्या भावाच्या नोंदीत आईचे नाव आहे. तेच इथे घालू या ना!”

सूचना प्रामाणिक होती. पण त्या काळी बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रिया थोड्या नव्हत्या, आणि विधुर पुन्हा विवाह करीत. एकाच बापाची दोन मुले दोन आयांची असू शकत. अंदाजाने भरलेले नाव एकीचे मातृत्व दुसरीच्या पदरात टाकील. बेरजेवरून काढलेला ८ हा तर्क नव्हे, ती सिद्धता आहे. भावावरून काढलेले नाव हा केवळ संभव आहे. छापल्यावर मात्र दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात. माझी अडचण नेमकी येथे होती.

तरीही त्या तरुणाचे म्हणणे मला पुरते खोडता आले नाही. रिकाम्या जागेतही ती स्त्री नाहीशी होतेच की! १९८३ च्या धर्मसंहितेतील ८७६ वे कलम सांगते की, कुणाची हानी होत नसेल, तर स्नानसंस्काराच्या पुराव्यासाठी एका निःसंशय विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरे. हे कलम संस्काराविषयी आहे, आईच्या नावाविषयी नव्हे. पण वाट त्यानेच दाखवली. जागा तूर्त रिकाम्या ठेवून आम्ही घरोघरी वृद्धांना विचारीत गेलो. जे नाव मिळाले, त्यापुढे सांगणाऱ्याचेही नाव लिहिले.

एका आजीबाईंनी सासूचे नाव चटकन सांगितले. दीर तिच्याच पोटचे का, असे विचारता त्या थबकल्या. दीर पहिलीचे, असे त्या म्हणाल्या. पण त्या पहिलीचे नाव घरात कधी कुणी घेतलेच नव्हते.