टायर, कोहो मासा आणि अनर्थदंड

श्रावकाने टायर कुठला घ्यावा, हे रत्नकरंड श्रावकाचारात लिहिलेलं नाही. समंतभद्राचार्यांच्या काळी गाड्या बैलांच्या होत्या आणि चाकं लाकडाची. तरीही यंदा पिकअपला चार टायर घेताना मला त्याच ग्रंथाची पानं उलटावी लागली, आणि त्याला कारण झाला एक मासा.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे आम्ही दिगंबर जैन शेतकरी: घरी मराठी, शेतात ऊस, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जेवण. गेली बरीच वर्षं सिअ‍ॅटलच्या पूर्वेला इसाक्वा या गावात राहतो. दारात फोर्ड एफ-१५० आहे आणि तिच्यामागे ओढायचा एक ट्रेलर. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. सामान भरल्यावर वजन २,७०० किलोच्या घरात. उन्हाळ्यात तो घेऊन स्नोक्वाल्मी घाट चढायचा आणि डोंगरापलीकडे एखाद्या तळ्याकाठी मुक्काम टाकायचा. इकडच्या मध्यमवर्गाची ही वारीच म्हणा.

ओझं ओढणाऱ्या गाडीला टायर निवडणं हा वेगळा विषय आहे. ट्रेलरच्या वजनातलं दहा ते पंधरा टक्के वजन जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे पिकअपच्या मागच्या आसावर येतं. माझ्या बाबतीत ते २७० ते ४०० किलो होतं. साध्या मोटारीच्या जातीचा टायर त्याखाली लिबलिबतो, गरम होतो, आणि टायरला मारते ती ही उष्णताच. म्हणून 'एलटी' जातीचा, लोड रेंज 'ई'चा, जाड कुशीचा टायर घ्यायचा. त्यात ८० पीएसआयपर्यंत हवा मारता येते. गंमत म्हणजे मोटारीच्या टायरवर झिजेचा जो सरकारी आकडा छापलेला असतो, तो एलटी टायरवर नसतो. मग किती टिकेल हे कंपनीच्या मैलांच्या हमीवरून ताडायचं. कुणी ५०,००० मैलांची हमी देतं, कुणी ६०,००० ची. शिवाय कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी ते वाचून घ्यावेत.

दुकानातला माणूस मला हे सगळं समजावत होता तेव्हा माझ्या डोक्यात लाँगफेलो ओढा होता.

हा ओढा पश्चिम सिअ‍ॅटलमधून वाहतो. कोहो जातीचा सामन मासा अशा गोड्या पाण्यात जन्मतो, वर्षभर तिथेच वाढतो, मग समुद्रात जातो आणि तिसऱ्या वर्षी अंडी घालायला परत येतो. घातली की मरतो. ते त्याचं ठरलेलंच आहे. पण शहरातल्या ओढ्यांत कित्येक वर्षं वेगळंच दिसत होतं. पावसानंतर परतलेले कोहो पृष्ठभागावर येऊन तोंड वासायचे, गोल गोल फिरायचे, कलंडायचे आणि काही तासांत मरायचे. काही ओढ्यांत परत आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक असेच गेले. मोजणी करणारे स्वयंसेवक मेलेल्या मादीचं पोट चिरून बघतात, अंडी घातली का राहिली ते नोंदवायला. मी एकदा त्यांच्यामागे काठावर उभा होतो. पोटात नारिंगी अंडी गच्च भरलेली होती, एकही बाहेर पडलेलं नव्हतं. माझी आजी १९५५ साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेच्या वेळी जाऊन आलेली. ते मरण तिने आम्हाला आयुष्यभर सोहळ्यासारखं सांगितलं, कारण ते सगळं आटोपून आलेलं होतं. त्या मादीचं काहीच आटोपलेलं नव्हतं.

कारण सापडलं २०२० मध्ये. वॉशिंग्टनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. टायरच्या रबरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो. हे रसायन पृष्ठभागावर येऊन ओझोनला आधी स्वतःवर घेतं आणि रबर वाचवतं. ओझोनशी संयोग झाला की त्यातून सिक्स-पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायरच्या भुकटीबरोबर ते रस्त्यावर पडतं आणि पावसाने ओढ्यात जातं. लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असलं तरी कोहोला पुरतं. चम जातीच्या सामनला मात्र काही होत नाही; का, हा जीवशास्त्राचा प्रश्न.

टायर टिकावा म्हणून घातलेली वस्तूच मारते आहे. आणि मी दुकानात उभा राहून विचारत होतो, जास्तीत जास्त टिकणारा कुठला?

आमच्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून मारणं ती संकल्पी. ती श्रावकाला पूर्ण वर्ज्य. चूल पेटवली, घर सारवलं, त्यात होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी. शेवटच्या तिन्हींतून गृहस्थाची सुटका नाही, जपून वागावं एवढंच. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं तेव्हा वाटायचं, बरं झालं, आपल्यासाठी तीन दारं उघडी आहेत. टायरची भुकटी यांतल्या कुठल्या दारातून आत घ्यायची, हे मी जयसिंगपूरच्या मामांना फोनवर विचारलं. मामांचा रोजचा स्वाध्याय आहे आणि गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ते ऊस कारखान्यावर घालतात. टायर आणि शास्त्र दोन्ही कळणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आरं, टायर घेताना धर्म आठवला, पण त्यो ट्रेलर घेताना कुठं गेलता तुझा धर्म? मी वढतो त्यो ऊस. त्ये उद्योगी. तू काय वढतोस? गाद्या."

मी म्हटलं, "मामा, मग विकून टाकतो."

"इकलास तर घेणारा काय त्येची पूजा मांडणार हाय व्हय? त्योबी वढणारच. हिंसादान म्हंत्यात त्येला."

मामांनी नेमकं बोट ठेवलं. समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. गरज नसताना, कुठलाही अर्थ साधत नसताना जे जीव दुखावले जातात, त्याबद्दलचं हे व्रत आहे. उघड्या ठेवलेल्या त्या तीन दारांतून मौजेचा ट्रेलर आत जात नाही. तो अनर्थदंडातच येतो, आणि त्यातही प्रमादचर्येत.

यावर एक बचाव आहे आणि तो हलका नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी बांधलेली आहे: गाफीलपणाच्या योगाने प्राण घेणं ती हिंसा. चार हात जमीन पाहून चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली अचानक किडा आला आणि मेला, तर त्यांना त्याचा बंध लागत नाही, असं आपले आचार्य सांगतात. याउलट बेसावध चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच आलं नाही तरी तो हिंसक. ही फार सूक्ष्म आणि फार उदार भूमिका आहे असं मला कायम वाटत आलंय. तिच्या आधारे २०२० पूर्वी ट्रेलर ओढणारे सगळे सुटतात. कुणाला ठाऊकच नव्हतं. पण ज्याने तो शोधनिबंध वाचला, ज्याने पोटातली अंडी पाहिली, त्याला तोच आधार उलटा लागू होतो. आता पायाखाली काय येतंय हे मला दिसतं. काही शिकलेले लोक म्हणतात, 'एका माणसाच्या टायरने काय होणार?' हा प्रश्न अहिंसेच्या दरबारात चालत नाही. किडा एकच होता, म्हणून कुणी मुनी डोळे मिटून चालले नाहीत.

बरं, दुकानात निवड तरी कसली? सिक्स-पीपीडी नसलेला टायर तिथे नव्हताच. युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या आदिवासी राष्ट्रांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे या रसायनावर बंदी मागितली. संस्थेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागणी विचारात घ्यायचं मान्य केलं. कॅलिफोर्नियाने कंपन्यांना पर्याय तपासायला लावलंय. पण पर्यायही तसा हवा की ज्याने टायर भर रस्त्यात फाटणार नाही, आणि जो उद्या दुसऱ्या कुठल्या माशाला मारणार नाही.

म्हणून मी हिशोबाला बसलो. नव्या टायरची नक्षी साधारण १२ मिलिमीटर खोल असते. इथल्या कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली तरी चालते. मी ३ वर बदलतो. टायर गोटा होईपर्यंत पावसात वापरणं हा वेगळाच अविचार. म्हणजे ९ मिलिमीटर रबर रस्त्यावर गेलं. घेर आणि रुंदी धरून, खाचा वजा करून टायरमागे साडेतीन किलो भरतं, चारांचं १४. ट्रेलरच्या टायरांचं निराळं. ६०,००० मैल चालणाऱ्या टायरने हे १४ किलो ४०,००० वाल्यापेक्षा दीडपट अंतरावर सांडलं, तर दर मैलाला ओढ्यात कमी गेलं. या हिशोबाने टिकाऊ टायर घेणंच बरं. मात्र न झिजणारं कडक रबर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना उणं पडू शकतं, आणि मागच्या सीटवर माझी पोरं असतात. तेव्हा हमीच्या आकड्याबरोबर ओल्या रस्त्यावरची पकड आणि बर्फासाठीचं पर्वत-हिमकणाचं चिन्हही पाहून घेतलं. इथे मासा की पोरगा असा प्रश्न आला तर मी उत्तरासाठी कुठलाही ग्रंथ उघडणार नाही.

मग मनात आलं, आपणही चातुर्मास पाळावा. आपले मुनी वाहनात बसत नाहीत, पायीच विहार करतात. पावसाळ्यात जमीन जिवांनी भरते म्हणून चार महिने तोही थांबवून एका गावी राहतात. इकडे पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि कोहोही तेव्हाच ओढ्यात चढतात. पहिल्या सरीनंतर ट्रेलर जोडायचा नाही, असा नियम घेणार होतो. पण यात खोट आहे. भुकटी पडते जुलै-ऑगस्टच्या कोरड्या रस्त्यावर. ती तिथेच साचून राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम वाहून जाते. कर्म बांधलं की लगेच उदयाला येत नाही, मध्ये आबाधाकाळ असतो, हे शिबिरात शिकलो होतो. इथे आबाधाकाळ दोन-तीन महिन्यांचा. फरक एवढाच की बांधणारा मी आणि उदय माशाच्या वाट्याला. पावसाळ्यात घरी बसून व्रत पाळल्याचं समाधान मलाच मिळालं असतं, माशाला काही नाही. तो नियम मी घेतला नाही.

जे उपयोगाचं आहे ते आजीच्या हातात होतं. विहिरीचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि ते कळशीने हळूच त्याच विहिरीत सोडायची, वरून फेकायची नाही. त्यातले जीव आपल्या जागी परत जावेत म्हणून. हे सोडलेलं पाणी म्हणजे जिवाणी. आम्ही मुलं त्याला हसायचो. इथल्या संशोधकांनी रस्त्यावरचं घाणेरडं पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीचा भुसा यांच्या थरातून गाळलं आणि त्यात कोहो सोडले. न गाळलेल्या पाण्यात मासे मेले, गाळलेल्यात जगले. रस्त्याकडेला असे खोलगट वाफे काढून त्यांत पाणी मुरवायचं, हाच आता इथल्या शहरांचा उपाय आहे. मीही दारातल्या गाडीवाटेच्या टोकाला तसा वाफा केलाय. माझी बहुतेक भुकटी आय-९० महामार्गावर पडते, दारात नाही, हे मला माहीत आहे; म्हणून गावाच्या सभेत महामार्गाकडेच्या वाफ्यांचा विषय निघतो तेव्हा मी जातो आणि बोलतो.

टायर घेतले ते ६०,००० मैलांच्या हमीचेच. ट्रेलर विकला नाही. तो आता घाटापलीकडे एका भाड्याच्या आवारात उभा असतो आणि तळं तिथून जवळ आहे, त्यामुळे ओढण्याचं अंतर पूर्वीच्या पाव भागावर आलं. त्या बाजूला याकिमा नदी आहे आणि तिथेही याकामा राष्ट्राने कोहो परत आणलेत, म्हणजे मी मोकळा झालो असं नाही. अनर्थदंडाचं व्रत मी पूर्ण पाळत नाही, थोडं पाळतो.

राहिलं तुमचं. पंचगंगेत कोहो नाही, पण तुमच्या मोटारीच्या, ट्रॉलीच्या आणि एसटीच्या टायरांत रसायन हेच आहे. झीज कमी व्हावी म्हणून चाकं गार असताना सकाळी हवा तपासा, अलाइनमेंट बघून घ्या, आणि ट्रॉलीवर भार बेताचा घाला. मामांनाही हेच कळवलंय.