परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला. त्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच एक परीक्षा चालू असते. टेबलाच्या एका बाजूला होल्डन नावाचा पोलीस अधिकारी, दुसऱ्या बाजूला लिऑन हा कामगार, आणि मध्ये लिऑनच्या डोळ्यावर रोखलेलं एक यंत्र. वाळवंटात उताण्या पडलेल्या, उन्हात तडफडणाऱ्या कासवाला तू सरळ का करत नाहीस, असं लिऑनला विचारलं जातं. नंतर आईविषयी विचारतात. उत्तराला फारसं महत्त्व नाही. प्रश्न ऐकताना बाहुली किती विस्फारते यावरून समोरचा माणूस आहे की कंपनीने घडवलेला ‘रेप्लिकंट’, हे ठरणार आहे. रेप्लिकंट ठरला, तर त्याला गोळी घालणं हा गुन्हा नाही. त्याला मारण्याला त्या जगात ‘रिटायर करणं’ म्हणतात. या प्रसंगात होल्डनच्या आवाजाकडे लक्ष द्यावं. करुणेची मोजणी करणारा हा माणूस घाबरलेल्या लिऑनशी ज्या निर्विकारपणे बोलतो, त्यात करुणेचा अंशही नाही. त्याची बाहुली मात्र कुणी तपासत नाही.

विज्ञानकथेचं कथानक आणि ‘न्वार’ शैलीचा काळोख यांच्या संगमातून जे चित्रपट निर्माण झाले, ते माणूसपणाबद्दल नेमकं काय सांगतात, याचं उत्तर मला या तपासल्या न जाणाऱ्या डोळ्यात दिसतं. या चित्रपटांवरची चर्चा बहुधा दुसऱ्याच वळणाने जाते. डेकार्ड हा नायक स्वतः रेप्लिकंट आहे का, यावर चार दशकं वाद चालू आहे. स्कॉट म्हणतात तो रेप्लिकंट आहे. ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांचा कल बराच काळ तो माणूस असण्याकडे होता. मला हा वाद दिशाभूल करणारा वाटतो. कोण कुठून जन्माला आला यावरून त्याची किंमत ठरते, हे होल्डनचं गृहीतक आपण त्या वादात शिरताना नकळत स्वीकारलेलं असतं. माणूसपण हा जन्माचा दाखला नाही आणि प्रयोगशाळेचा अहवालही नाही. ज्याच्या माणूसपणाबद्दल शंका घेतली गेली आहे आणि जो आपल्या तावडीत सापडला आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथे ते पणाला लागतं.

हा विचार न्वारच्याच मार्गाने पडद्यावर यावा, हा योगायोग नाही. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये ज्या अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव दिलं, त्यांतले कितीतरी महत्त्वाचे चित्रपट नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या दिग्दर्शकांनी केले होते. फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक ही त्यांतली ठळक नावं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांच्या धर्मावरून माणसांची प्रतवारी केली, लोकांना वंशाचे पुरावे गोळा करायला लावले. तपासणी ही गोष्ट निष्पाप नसते, हे या मंडळींना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांच्या काळोख्या चित्रपटांतून दुसऱ्याचा गुन्हा शोधायला निघालेला माणूस पुन्हा पुन्हा स्वतःच्याच दोषापाशी येऊन थांबतो. विज्ञानकथेने या घडणीत एकच मोठी भर घातली: आता तपास गुन्ह्याचा उरला नाही, माणूस असण्याचा झाला.

‘ब्लेड रनर’चा आधार असलेली फिलिप के. डिक यांची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ ही १९६८ ची कादंबरीही त्याच इतिहासातून आलेली आहे. आधीच्या एका कादंबरीसाठी डिक नाझी काळातली कागदपत्रं वाचत होते. पोलंडमध्ये नेमलेल्या एका एसएस अधिकाऱ्याच्या रोजनिशीत त्यांना तक्रार आढळली, की उपाशी मुलांच्या रडण्याने रात्री झोप लागत नाही. मुलं उपाशी आहेत याचं त्याला काही नव्हतं, झोपमोडीचं होतं. दिसायला माणूस, पण आत काहीतरी हरवलेलं, ही अँड्रॉइडची कल्पना तिथून सुचली, असं डिक यांनी सांगितलं आहे. म्हणजे या साऱ्या कथापरंपरेच्या मुळाशी यंत्राची भीती नाहीच. अस्सल जन्मदाखला असलेला एक माणूस तिथे उभा आहे.

चित्रपटातला पुरावा पाहू. झोरा ही रेप्लिकंट जिवाच्या आकांताने पळते आहे आणि डेकार्ड तिला पाठीत गोळ्या घालतो. काचांमधून कोसळणारी ती बाई कॅमेरा इतका वेळ दाखवत राहतो, की गुन्हेगार पकडल्याचं समाधान आपल्याला मिळतच नाही. रेचल आपण माणूस आहोत या समजुतीत वाढलेली आहे. इतरांच्या बाबतीत वीस-तीस प्रश्नांत होणारा निवाडा तिच्या बाबतीत व्हायला शंभरावर प्रश्न लागतात. तिच्या आठवणी दुसऱ्या कुणाच्या आहेत, हे डेकार्ड तिला ज्या कोरडेपणाने सांगतो, तो त्या चित्रपटातला सर्वांत निर्दय क्षण आहे, कारण त्यात शस्त्र नाही. पुढे ती त्याला विचारते, की ही परीक्षा तू स्वतः कधी दिली आहेस का? तोवर त्याला झोप लागलेली असते. आणि शेवटी ज्या रॉय बॅटीला मारायला डेकार्ड आला आहे, तोच रॉय छपराच्या कडेला लटकलेल्या डेकार्डचा हात धरून त्याला वर ओढतो. चार वर्षांची आयुष्यमर्यादा घालून घडवलेला, मरणाला काही क्षण उरलेला रॉय हे करतो, तेव्हा त्याला त्याबदल्यात काहीही मिळणार नसतं.

देनी व्हिलनव्ह यांच्या ‘ब्लेड रनर २०४९’ने (२०१७) ही परीक्षा आणखी पुढे नेली. तिथे पोलीस असलेला के स्वतः रेप्लिकंट आहे आणि कामगिरीवरून परतल्यावर त्याची तपासणी होते, ती त्याच्यात भावना उमटलेली नाही ना हे पाहण्यासाठी. मन हललं तर तो नोकरीला अपात्र, म्हणजे जगायलाही अपात्र. आपण कुणाच्या तरी पोटी जन्मलो आहोत, ही आशा त्याच्यात काही काळ जागते आणि खोटी ठरते. त्यानंतर डेकार्डला मारण्याचा सल्ला मिळालेला असताना तो त्याला वाचवतो आणि त्याच्या मुलीपर्यंत पोहोचवतो. जन्माचा पुरावा हातातून गेल्यावर केलेलं हे कृत्य आहे, म्हणून मला ते रॉयच्या कृत्याइतकंच मोठं वाटतं.

हे सगळं एकाच मालिकेपुरतं नाही. १९६५ च्या ‘आल्फाव्हिल’मध्ये, जो गोदार यांनी रात्रीच्या पॅरिसमध्ये कोणताही भविष्यकालीन देखावा न उभारता चित्रित केला, पत्नीच्या मृत्यूवर रडलेल्या माणसाला देहदंड मिळतो. ‘डार्क सिटी’मध्ये (१९९८) रोज मध्यरात्री लोकांच्या आठवणी बदलणारे परके जीव आत्मा शोधत असतात, खुन्याच्या आठवणी दिल्या म्हणजे माणूस खुनी होतो का, हा त्यांचा प्रयोग फसतो. पण माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचा चित्रपट म्हणजे अँड्र्यू निकोल यांचा ‘गटाका’ (१९९७). तिथे नोकरीच्या जागी रोज रक्ताच्या थेंबावरून ओळख पटवली जाते आणि जनुकांची निवड न करता जन्मलेला व्हिन्सेंट दुसऱ्याच्या रक्त-लघवीच्या आधाराने अवकाशमोहिमेत शिरला आहे. एका खुनाच्या तपासामुळे तो कधीही उघडा पडेल, अशी स्थिती. अखेरच्या क्षणी अनपेक्षित चाचणी होते आणि त्याच्याकडे उसना नमुना नसतो. डॉक्टर लमार यांना हे सोंग कधीपासूनच ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा मुलगाही चाचण्यांनी वचन दिल्यासारखा निघालेला नाही. ते निकाल बदलतात आणि त्याला जाऊ देतात. माझ्या मते त्या चित्रपटातला नैतिक निर्णय व्हिन्सेंटचा नाही, लमार यांचा आहे. यंत्र ज्याच्या हातात होतं, त्याने यंत्राच्या निकालापलीकडे पाहिलं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. रॉय खुनी आहे. आपल्या निर्मात्याचे, टायरेलचे, डोळे तो अंगठ्यांनी चिरडतो, निरुपद्रवी सेबॅस्टियनलाही जिवंत सोडत नाही. एका दयेच्या कृत्याने हे धुऊन निघतं का? नाही, आणि निघतं असं चित्रपटही म्हणत नाही. पण आपण खून करणाऱ्या माणसावर खटला भरतो, त्याला शिक्षा करतो. तो माणूसच नाही असं ठरवून त्याचं खातं बंद करत नाही. रॉयला जबाबदार धरायचं असेल, तर जबाबदारी पेलू शकणारा कुणीतरी तिथे आहे हे आधी मान्य करावं लागतं. हा आक्षेप त्यामुळे रॉयच्या माणूसपणाला बळकटीच देतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि अधिक वजनदार आहे. रेप्लिकंटच्या भूमिका हाडामांसाचे देखणे नट करतात, म्हणून आपलं मन द्रवतं. याच सवयीने आपण उद्या गोड बोलणाऱ्या कोणत्याही यंत्राला माणसाचा दर्जा देऊन बसू. ही भीती खोटी नाही. मात्र ‘२०४९’ला तिची जाण आहे. त्यातली जॉय ही एका कंपनीने विकलेली प्रतिमा आहे. ती केवर खरंच प्रेम करते, की ग्राहकाला हवं तेच बोलते, हे चित्रपट मुद्दाम उलगडत नाही, आणि पुढे रस्त्यावरच्या अवाढव्य जाहिरातीतून तीच आपुलकी येणाऱ्या-जाणाऱ्याला विकली जाताना दाखवतो. प्रत्येक बोलत्या वस्तूपुढे हात जोडा, असा या कथांचा आग्रह नाही. निकाल देणाऱ्याचा त्या निकालात काय फायदा आहे, हे आधी विचारा, असं त्या सांगतात. रेप्लिकंट माणूस नाही असं ठरल्यामुळे परग्रहावरच्या वसाहतींना गुलाम मिळतात आणि टायरेलचा धंदा चालतो. जॉयला माणसासारखं भासवण्यातही विक्रेत्याचाच नफा आहे. संशय दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

तिसऱ्या आक्षेपाने मला सर्वांत जास्त अडवलं. माणूसपण वागण्यात असेल, तर निर्दयी माणसाला माणसांतून वजा करायचं का? ज्याला वागून दाखवताच येत नाही, त्या तान्ह्या मुलाचं किंवा बेशुद्ध रुग्णाचं काय? डिक यांच्या कल्पनेतही हा धोका दडलेला आहे. त्या एसएस अधिकाऱ्याला ‘माणूस नव्हेच’ म्हणणं सोपं आहे, पण मग आपणही होल्डनच्याच खुर्चीत बसतो. वागण्याची ही कसोटी दुसऱ्याला लावण्यासाठी नाही, असंच यावर म्हणावं लागतं. समोरच्याची प्रतिष्ठा त्याने कमवायची नसते, ती धरूनच चालायची असते. सिद्ध करण्याचा भार आपल्या एकट्यावर असतो. हे मी चित्रपटांवर लादत नाही, कारण चित्रपटात न आलेला, पण कादंबरीत सविस्तर असलेला एक प्रसंग नेमकं हेच करतो. फिल रेश हा दुसरा शिकारी लुबा लुफ्ट या गायिकेला, जी अँड्रॉइड आहे, इतक्या सहजतेने मारतो, की हा स्वतःच अँड्रॉइड असणार, अशी डेकार्डला जवळजवळ खात्री वाटते. तो तसा निघावा, अशी त्याची इच्छाही असते, म्हणजे त्या थंडपणाचा उलगडा होईल. रेशची परीक्षा होते. तो माणूस निघतो. डेकार्डच्या हाती त्याच्याविरुद्ध काहीच उरत नाही. मग तो ते उपकरण स्वतःला जोडतो, अँड्रॉइडला मारण्याबद्दलचा एक प्रश्न स्वतःलाच विचारतो आणि काटे कुठवर गेले हे पाहायला रेशला सांगतो.