स्विच बंद असताना घेतलेला निर्णय

तो ६२ वर्षांचा डच गृहस्थ कंपवाताने पार जखडून गेला होता. औषधं पुरी पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत खोलवर बारीक तारा सोडल्या आणि त्या एका छोट्या बॅटरीला जोडल्या. विजेचे हलके ठोके सुरू झाले आणि हातपाय मोकळे झाले. पण काही काळाने माणूस उधळला. त्याला उन्माद चढला, पैसा वाटेल तसा उडू लागला, कर्जं झाली. उन्मादावरच्या औषधांनीही तो आवरेना. वीज कमी केली की डोकं ताळ्यावर येई, पण शरीराचं पुन्हा लाकूड होई आणि प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ येई. डॉक्टरांनी सगळे खटाटोप करून पाहिले. मधला रस्ता सापडला नाही.

उरले दोनच पर्याय. स्विच बंद ठेवून शुश्रूषागृहात पडून राहायचं, शहाण्या डोक्याने. किंवा स्विच चालू ठेवून मनोरुग्णालयात राहायचं, चालत्याफिरत्या पायांनी.

हे ठरवायचं कोणी? स्विच चालू असताना तो निर्णय घ्यायच्या अवस्थेत नव्हता. म्हणून डॉक्टरांनी स्विच बंद केला, त्याचं डोकं शांत होऊ दिलं आणि मग विचारलं. अंथरुणाला खिळलेल्या, पूर्ण शुद्धीतल्या त्या माणसाने सांगितलं : स्विच चालू करा, मला मनोरुग्णालयात ठेवा. तसंच झालं. २००४ साली नेदरलँड्सच्या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मेंदूतल्या उपकरणांच्या नीतिशास्त्रावर बोलणारे लोक पुन्हापुन्हा तिच्याकडे वळतात. शहाण्या माणसाने शुद्धीवर असताना आपल्याच वेड्या रूपाला सही करून दिली होती.

‘मेंदूत चिप’ म्हटलं की डोळ्यांपुढे इलॉन मस्क येतो. प्रत्यक्षात हा प्रकार बराच जुना आहे. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद या शल्यविशारदाने मेंदूत खोलवर सतत वीज देऊन हातांची थरथर थांबवता येते हे दाखवलं. त्याच ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’चा आधार घेऊन आज जगभर लाखाहून अधिक माणसं वावरतात आणि मुंबईतही ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं होते आहे. ही पद्धत मेंदूत वीज सोडते. दुसऱ्या जातीची उपकरणं उलट दिशेने काम करतात, म्हणजे मेंदूतली वीज वाचतात. २००४ साली अमेरिकेत ‘ब्रेनगेट’ प्रयोगात मानेतला मज्जारज्जू तुटून हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सुमारे शंभर सुयांची इवलीशी चकती बसवली गेली, आणि हात हलवण्याचा नुसता विचार करून तो पडद्यावरचा बाण हलवू लागला. मस्कच्या ‘न्यूरालिंक’ने हीच वाट पुढे नेली, ती जास्त सुयांनी आणि जास्त गाजावाजाने.

न्यूरालिंकचा पहिला माणूस नोलंड आरबॉ. २०१६ साली पाण्यात झालेल्या अपघाताने तो खांद्याखाली लुळा पडला. जानेवारी २०२४ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात त्याच्या कवटीला नाण्याएवढं भोक पाडून चिप बसवली गेली. केसाहून बारीक असे ६४ धागे आणि त्यांवर १०२४ विद्युतबिंदू. हे धागे माणसाच्या हाताने ओवणं शक्य नाही. रक्तवाहिन्या चुकवत एक यंत्रमानव ते मेंदूत टोचत जातो. थोड्याच दिवसांत आरबॉ मनाने बुद्धिबळ खेळू लागला, ‘सिव्हिलायझेशन’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये रात्र रात्र रमू लागला.

आणि मग बाण अडखळायला लागला. मेंदू म्हणजे काही पाटावर मांडलेला दगड नव्हे. तो प्रत्येक श्वासाबरोबर, प्रत्येक ठोक्याबरोबर कवटीत डुलत असतो. त्या डुलण्यात धागे बाहेर सरकले होते. सुमारे ८५ टक्के धागे निकामी झाले. हे कळलं तेव्हा आपल्याला रडू कोसळलं, असं आरबॉने नंतर मुलाखतीत सांगितलं. नुकतंच हाती आलेलं सुख जाणार होतं. कंपनीने उरलेल्या धाग्यांचे संकेत वाचण्याची पद्धत बदलली आणि बाण पुन्हा सरळ धावू लागला.

या सगळ्यात धोका कुठे आहे? संसर्ग, रक्तस्राव, निसटलेले धागे, संपलेली बॅटरी हे शरीराचे धोके आहेत आणि वैद्यक त्यांच्याशी झुंजायला सरावलेलं आहे. डच गृहस्थाचा पेच वेगळा आहे. तिथे यंत्र बिघडलं नव्हतं, ते चोख काम करत होतं.

कठोपनिषदात रथाचं एक रूपक आहे. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत बसलेला आत्मा हा रथी. या चित्रात डॉक्टरांनी काय केलं ते नीट बसवता येतं. विजेने घोडे सुटले आणि सारथी झिंगला. म्हणून सारथ्याला शुद्धीवर आणलं आणि रथात बसलेल्याची इच्छा विचारली. आत कोणीतरी एकच एक मालक बसला आहे, सारथी शुद्धीवर असला की त्याचं म्हणणं बाहेर येतं, हे यात गृहीत आहे.

त्याच रथाचा बौद्धांनी वेगळा उपयोग केला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ म्हणजे नेमकं काय? दांडा? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भाग एकत्र जुळले म्हणजे ‘रथ’ हे नाव पडतं, त्यापलीकडे रथ नावाची वस्तू नाही. माणसाचंही तसंच. नागसेनाला डच गृहस्थाची गोष्ट सांगितली असती तर त्याने बहुधा डॉक्टरांनाच प्रश्न केला असता : स्विच बंद असतानाचा माणूस खरा आणि चालू असतानाचा खोटा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. नेदरलँड्समध्येच दीर्घकाळ मंत्रचळाने, म्हणजे विचार आणि कृतींच्या न सुटणाऱ्या चक्राने, त्रासलेल्या साठीच्या आसपासच्या एका माणसाच्या मेंदूत अशाच तारा बसवल्या गेल्या. आयुष्यभर संगीताबाबत तो बेताचाच रसिक, थोडं डच, थोडं बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स. उपकरण सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्याला अमेरिकन गायक जॉनी कॅश एकाएकी अतोनात आवडू लागला. कॅशखेरीज दुसरं काही तो ऐकेना. बॅटरी संपली की कॅशही संपे आणि जुनी आवड परत येई. २०१४ साली हे प्रकरण प्रसिद्ध झालं तेव्हा वाचणाऱ्यांना हसू आलं असेल. पण आवड ही माणसाची अगदी खासगी मिरास असं आपण समजतो, ती इथे बॅटरीच्या टक्क्यांवर चढत-उतरत होती. तो माणूस मात्र अधिक आनंदी होता, आणि ही नवी आवड आपलीच आहे यात त्याला शंका नव्हती.

या तीन प्रकरणांतलं तिसरं सर्वांत बोचणारं आहे, कारण त्यात वेडाचा मागमूस नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका महिलेला लहानपणापासून अपस्माराचे तीव्र झटके येत. केव्हा, कुठे, याचा नेम नाही. त्यामुळे घराबाहेर पाऊल टाकतानाही धास्ती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती ‘न्यूरोव्हिस्टा’ या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगात सामील झाली. तिच्या कवटीखालचे विद्युतबिंदू मेंदूतल्या लाटा वाचत आणि हातातल्या छोट्या यंत्रावर दिवा लागे : निळा म्हणजे निर्धास्त, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे झटका येऊ घातलाय. लाल दिसला की ती औषध घेई. तिचं आयुष्य बदललं. उपकरण आणि आपण वेगळे नाही, त्याच्यासह आपण नव्याने घडलो, असं ती सांगू लागली.

२०१३ मध्ये कंपनीचे पैसे संपले. प्रयोगातल्या १५ जणांना उपकरण काढून घ्यायला सांगण्यात आलं. या बाईने आणि तिच्या नवऱ्याने घर गहाण टाकून ते विकत घेण्याची तयारी दाखवली. उपयोग झाला नाही. शेवटी तेही काढलं गेलं. टास्मानिया विद्यापीठातले नीतितज्ज्ञ फ्रेडरिक गिल्बर्ट यांनी तिच्याशी दीर्घ संवाद ठेवला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडलं की इथे मानवी हक्कांच्या भंगाचा प्रश्न उभा राहतो, कारण काढून घेतलं गेलं ते नुसतं यंत्र नव्हतं, त्या यंत्रासह घडलेली एक व्यक्ती होती.

चिपबद्दलची सर्वसाधारण भीती नेमकी इथे चुकते. लोकांना वाटतं, धोका आत घालताना आहे. परकी वस्तू आत शिरून ‘खऱ्या मला’ हुसकावून लावेल. या बाईचं म्हणणं नेमकं उलटं आहे : खरी मी आत घातल्यावर झाले आणि काढल्यावर हरवले. नागसेनाच्या भाषेत, रथाचे भाग जुळले होते आणि मग कोणीतरी एक चाक आपल्या मालकीचं म्हणून उचलून नेलं. ज्या नीतिशास्त्राचं सारं लक्ष शस्त्रक्रियेआधीच्या संमतीपत्रावर आहे, त्याच्याकडे काढण्याच्या दिवसासाठी फार थोडे नियम आहेत. कंपनी बुडाली तर दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कुठून येणार, सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात जाणार? अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ कंपनीने डोळ्याच्या पडद्यावर बसणारी कृत्रिम दृष्टी साडेतीनशेहून अधिक लोकांना दिली आणि मग उत्पादन थांबवलं. २०२२ मध्ये पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा त्यांतले अनेकजण डोळ्यांत बंद पडू पाहणारं यंत्र घेऊन बसले होते आणि दुरुस्तीला कोणी वाली नव्हता.

दुसरी भीती मात्र रास्त आहे : मनातलं बाहेर पडण्याची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने चार पक्षाघातग्रस्त रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ओठ हलवण्याचा प्रयत्नही न करता नुसते मनात म्हटलेले शब्द संगणकाने पकडले, उत्तम स्थितीत ७४ टक्क्यांपर्यंत अचूक. वाचा गेलेल्या माणसासाठी हे वरदानच. पण न सांगायचं तेही त्यात येऊ शकतं हे ओळखून त्यांनी कुलूप ठेवलं : मनात एक ठरलेला वाक्प्रयोग म्हटला तरच यंत्र ऐकू लागतं. मनातले मांडे खायलाही आता पासवर्ड लागेल.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या डोक्यावर तारा लावून केलेली मेंदूलहरींची चाचणी पुरावा म्हणून विचारात घेतली होती. तिथे चिप नव्हती, कवटीबाहेरचे विद्युतबिंदू होते. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणावर जबरदस्ती नाही, हे संविधानाचं वचन मेंदूलाही लागू आहे. तिकडे चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या हालचाली आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीच्या संरक्षणाचं कलम थेट राज्यघटनेत घातलं आणि २०२३ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका हेडसेट कंपनीला ग्राहकाच्या मेंदूची माहिती पुसायला लावली.

उरतो जबाबदारीचा तिढा. डच गृहस्थाने उन्मादात केलेलं कर्ज कोणाचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला तिथे शहाणा म्हटलेलं नाही. न्यायालयाला मात्र पाचांतून एकाचीच सही लागते. मेंदूतली तार हे करण म्हणायचं, की तिच्या विजेने झुकलेला कर्ता, हे कोणत्याही कायद्याने अजून सरळ सांगितलेलं नाही.

भारतातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात याला जवळ जाणारी एक सोय आहे. माणूस निर्णयक्षम असताना लिहून ठेवू शकतो की पुढे मानसिक आजारात निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही तर माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत.  म्हणजे आजचा शांत मी उद्याच्या उसळलेल्या मला बांधू शकतो. त्या डच गृहस्थानेही असंच काहीसं केलं होतं, फक्त उलट्या दिशेने.

त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं, तिथे स्विच चालू राहिला. निर्णयासाठी त्याला विचारलं गेलं ते स्विच बंद असताना. त्या निर्णयासोबत पुढे जगला तो मात्र दुसरा, मोकळ्या पायांचा, उधळलेला. त्याला हवं असतं तर तो म्हणू शकला असता की मला कोणी विचारलंच नाही.