शून्याची खात्री

आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाच्या जनरेटरवरचा काट्याचा व्होल्टमीटर बंद पडला होता. गेल्या आठवड्यात वायरमन नवा बसवायला आला. मी शेजारी उभा राहून पाहत होतो.

इंजिन बंदच होतं. तरी त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून ठेवली. कुणी चुकून चावी फिरवली तरी ते सुरू होऊ नये म्हणून. चेंजओव्हर मधोमध, 'ऑफ'वर आणला. मग मल्टिमीटर घेऊन तो चक्क बाहेर पडला आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या चालू सॉकेटवर लावून पाहिला. २३०च्या आसपास आकडा आला. परत येऊन पॅनेलच्या टर्मिनलवर लावला, तर शून्य. एवढ्यावर काम सुरू होईल असं मला वाटलं, पण तो पुन्हा गिरणीत गेला, तोच आकडा पाहून आला आणि मगच त्याने तारेला हात लावला.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"काका, शून्याचे दोन अर्थ असतात. सप्लाय नाही, नाहीतर मीटर मेलाय."

हवं ते उत्तर मिळालं की साक्षीदाराची उलटतपासणी करायचं आपण टाळतो. हा माणूस ती नेमकी तेव्हाच करत होता. मला त्यात त्याच्या हुशारीपेक्षा त्याचा प्रामाणिकपणा जास्त दिसला.

आणि शून्य फक्त आपल्यापुरतं नसतं. वीज गेली की काही जण लहान जनरेटरची वायर सरळ घरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच बंद करायचं राहिलं, तर ती वीज उलट रोहित्रात शिरते आणि पलीकडच्या तारेवर २३०चे हजारो व्होल्ट होतात. त्या तारेवर काम करायला खांबावर चढलेला लाइनमन असतो. लाइन बंद केल्याचं त्याला सांगितलेलं असतं. पण नुसत्या सांगण्यावर विसंबता येत नाही, म्हणून तर तो आधी तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड लावतो. पण घाईत, पावसात, अंधारात तो रॉड लावायचा राहिला, तर त्याचं शून्य आपल्या घरातल्या एका स्विचवर टांगलेलं असतं. त्याचा चेहराही आपण पाहिलेला नसतो. अशा माणसाच्या जिवाची काळजी घेणं मला देवपूजेहून कमी वाटत नाही.

वायरमनने नव्या मीटरच्या वायरीत छोटा फ्यूज घातला, झाकण लावलं, बॅटरी जोडली. इंजिन स्थिरावल्यावर काटा २३०वर आला. त्याने लगेच लोड दिला नाही. मल्टिमीटर लावून नव्या काट्याशी आकडा ताडून पाहिला आणि मग चेंजओव्हर जनरेटरकडे ओढला.