कैसराचं नाणं, कामुझूचं कार्ड

१९७१ साली मलावीत नवं चलन आलं. नोटेला नाव दिलं क्वाचा, सुट्ट्या नाण्याला तांबाला. क्वाचा म्हणजे पहाट. स्वातंत्र्य चळवळीतला हा नारा. तांबाला म्हणजे कोंबडा, आणि कोंबडा हे मलावी काँग्रेस पक्षाचं चिन्ह. एक तांबालाच्या नाण्यावर एका अंगाला कोंबडा आणि दुसऱ्या अंगाला डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा, त्याच वर्षी आजन्म राष्ट्राध्यक्ष झालेले. मूठभर मीठ विकत घ्यायचं तरी पक्ष आणि पक्षप्रमुख असे दोघेही हातात घ्यावे लागत.

हे नाणं घ्यायला कोणी नकार दिला नाही. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या लोकांनीही नाही. ते त्याच नाण्यांनी बाजार करत, त्याच नाण्यांनी सरकारचा कर भरत. त्यांचं अडलं ते दुसऱ्याच एका वस्तूपाशी. बाजाराच्या तोंडाशी, बसथांब्यावर पक्षाच्या युवक शाखेची पोरं उभी असत आणि पक्षाचं सदस्यकार्ड मागत. कार्ड नसेल तर आत सोडत नसत. किंमत अगदी किरकोळ. गरोदर बाईला पोटातल्या बाळासाठीही एक कार्ड घ्यायला लावत, असं त्या काळाबद्दल सांगितलं जातं. साक्षीदार मात्र ‘आम्ही कार्ड घेणार नाही’ एवढंच म्हणत आणि मार खात.

नाणं चालतं, मग कार्ड का चालत नाही?

प्रश्न जुना आहे. कैसराला कर द्यावा की न द्यावा, असा पेच येशूला घातला गेला तेव्हा त्याने नाणं मागवलं आणि त्यावर मुखवटा कोणाचा ते विचारलं. ज्याचा मुखवटा, त्याचं त्याला द्या, देवाचं देवाला. वाटणी सोपी वाटते, पण कैसराचा वाटा नेमका कुठे संपतो हे त्या उत्तरात नाही. साक्षीदारांनी आपल्यापुरती रेघ ओढली होती: पैसा, कर, रस्त्याचे नियम कैसराचे, निष्ठा देवाची. कार्ड म्हणजे पक्षाचं सदस्यत्व, आणि सदस्यत्व म्हणजे निष्ठा. त्यामुळे ते रेघेच्या पलीकडे.

पक्षाचं म्हणणं याच्या उलट. हा धर्माचा प्रश्नच नाही, साधं कार्ड आहे. वरवर पाहता यात तथ्य वाटतं. पण मग साध्या कार्डासाठी माणसाचं घर कशाला जाळायचं? ज्या जोराने पक्ष त्या कार्डाच्या मागे लागला, त्यावरूनच ते साधं नव्हतं हे दिसतं. इथे साक्षीदारांची बाजू पक्षानेच सिद्ध करून दिली.

बांडा धर्म न जाणणारे गृहस्थ नव्हते. पोरवयात पायपीट करत दक्षिणेकडे गेलेला हा मुलगा अमेरिकेत डॉक्टर झाला, पुढे एडिंबरात शिकला आणि १९४१ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ‘एल्डर’, म्हणजे मंडळीचा वडील, म्हणून नेमला गेला. १९५८ साली न्यासालँडला, म्हणजे आजच्या मलावीला, परतला तेव्हा चळवळीला हवा असलेला नेता आयता मिळाला. पक्ष १९५९ चा, स्वातंत्र्य १९६४ चं, आणि १९६६ पासून देशात कायद्यानेच एकच पक्ष. तीन तुकड्यांचा सूट, डोक्यावर हॅट, हातात चवरी. भाषण इंग्रजीत, शेजारी दुभाषा. गाण्यांतून सांगितलं जाई की इथलं सगळं काही कामुझूंचंच. पक्षाचे चार आधारस्तंभ होते: एकी, निष्ठा, आज्ञापालन, शिस्त. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर हे चार शब्द खपून जातील. पण मधले दोन शब्द पक्षाच्या तोंडी आले की त्यांचा अर्थ बदलतो. आज्ञापालन वागण्यात दिसतं, ते मोजता येतं. निष्ठा मनातली गोष्ट. ती मोजायची म्हटली की काहीतरी खूण लागते. म्हणून कार्ड.

रोमन सम्राट डेशियसने इ.स. २५० मध्ये हेच केलं होतं. देवांना आहुती द्या आणि तशी चिठ्ठी घ्या, असं फर्मान निघालं. आहुती पाहणाऱ्यांच्या सह्यांच्या त्या पपायरसच्या चिठ्ठ्या इजिप्तच्या वाळूत सापडल्या आहेत. कित्येक ख्रिस्ती माणसांनी आहुती न देताच पैसे चारून चिठ्ठी मिळवली. छळ थांबल्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे वाद आला: हे लोक धर्म सोडलेले धरायचे की नाही? मनाने देव सोडला नव्हता, पण कागद तर घेतला होता. मलावीतल्या नव्या कराराच्या वाचकांना हा इतिहास ठाऊक असो नसो, ते उभे होते त्याच जागी.

१९६७ साली पंथावर बंदी आली. १९७२ मध्ये पक्षाच्या वार्षिक अधिवेशनाने ठराव केला: या लोकांना नोकरीवरून काढा, गावातून हाकला. त्यानंतर जे झालं त्यात मारहाण, बलात्कार, जाळपोळ, सगळं होतं. हजारो माणसं सीमा ओलांडून झांबियात सिंडा मिसाले इथे छावणीत राहिली. तिथून परत धाडली गेली, मग मोझांबिकमध्ये पळाली, १९७५ मध्ये पुन्हा परत. यात एक विचित्र योगायोग आहे. १९०८ च्या सुमाराला ‘वॉच टॉवर’ची, म्हणजे याच पंथाच्या मूळ चळवळीची, शिकवण या मुलखात एलियट कामवाना नावाच्या आफ्रिकी प्रचारकाने पसरवली, तेव्हा गोऱ्या सरकारने त्याला हद्दपार केलं होतं. राज्य बदललं, वहीम तोच राहिला.

इथवर ही हुतात्म्यांची सरळ कथा वाटते. ती तेवढी सरळ नाही. रेमंड फ्रान्झ हे या पंथाच्या ब्रुकलिनमधल्या नियामक मंडळावर होते. बाहेर पडल्यानंतर १९८३ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की त्याच काळात मेक्सिकोतले तरुण साक्षीदार लाच देऊन लष्करी प्रशिक्षण घेतल्याचं कार्ड मिळवत, आणि मुख्यालयाने ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं होतं. मलावीतल्या शेतकऱ्याने रोख किंमत मोजून घेतलेलं कार्ड मात्र देवद्रोह. हे वाचून मलावीतल्या माणसांनी सोसलेलं खोटं ठरत नाही. पण त्यांच्या मनातली ती रेघ त्यांनी स्वतः ओढली होती की समुद्रापलीकडच्या एखाद्या टेबलावर ती ओढली गेली होती, हे विचारावंच लागतं. निष्ठा मागणारा पक्ष एकटा बांडांचाच होता असं नाही.

आपल्या देशात हाच पंथ १९८५ साली केरळात वादात सापडला. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी तीन भावंडं अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायालयाने त्यांची श्रद्धा बरोबर की चूक यात डोकं घातलं नाही; ती प्रामाणिक आहे का, एवढंच पाहिलं. तीनदा वाचावा असा निकाल आहे. फ्रान्झ यांच्या पुस्तकानंतर पडणाऱ्या प्रश्नालाही त्यात अर्धं उत्तर आहे: श्रद्धा कुठून आली हे राज्याने विचारायचं नसतं. ते विचारायचं असेल तर श्रद्धावानाने स्वतः.

मलावीतली मोठी चर्चेस या सगळ्या काळात बहुतेक गप्प होती. त्यांच्या माणसांकडे कार्डं होती. ८ मार्च १९९२ च्या रविवारी मात्र कॅथलिक बिशपांचं पत्र देशभरच्या चर्चमधून वाचलं गेलं. शाळा, दवाखाने, पगार, बोलण्याचं स्वातंत्र्य असं सगळं त्यात होतं, आणि एका डोक्यावर छप्पर पेलत नाही ही चिचेवा भाषेतली म्हणही होती. गवती छप्पर जमिनीवर बांधून दहा जणांनी उचलायचं असतं, हे खेड्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सरकारने पत्र राजद्रोही ठरवलं, बिशपांची चौकशी केली. पण लोकांनी ते कानांनी ऐकलं होतं.

१४ जून १९९३ ला सार्वमत झालं. एकाच पक्षाची राजवट हवी असेल तर कोंबडा, अनेक पक्ष हवे असतील तर कंदील. कंदिलाला ६३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. त्याच ऑगस्टमध्ये साक्षीदारांवरची बंदी उठली, आणि पुढच्या मेमध्ये, सत्तेच्या तिसाव्या वर्षी, पक्ष निवडणूक हरला. या सार्वमतात कंदिलावर किंवा कोंबड्यावर खूण करणं साक्षीदारांच्या शिकवणीत बसत नव्हतं. राजकारणात कोणाचीच बाजू घ्यायची नाही, या नियमात मतपेटीही येते.