जादूच्या कादंबऱ्या आणि आपले ईमान



गेल्या हिवाळ्यात एके दिवशी असरच्या नमाजनंतर आमच्या अकोल्यातील जुन्या शहरातील एक भगिनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या घरी आल्या. मुलगा मराठी शाळेत शिकतो, मकतबमध्ये नियमित येतो. त्याच्या दप्तरातून त्यांनी एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. ते वाचनालयातून आणलेले नारायण धारपांचे पुस्तक होते. “मौलानासाहेब, हा रात्र रात्र जागून जादूटोण्याची पुस्तके वाचतो. याच्या ईमानाचे काय होईल? याला काही समजावून सांगा,” असे त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून हळूच म्हणाल्या, “आणि याच्यासाठी एखादा तावीजही द्या.”

त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्यापैकी अनेक घरांत तो विचारला जातो, म्हणून त्यावर आपल्याशी सविस्तर बोलावे असे वाटले. जादूची शक्ती असलेली माणसे ज्यात वावरतात अशी रहस्यकथा मुस्लिम मुलाने वाचावी काय? कल्पित कथा म्हणजे असत्य काय? आणि कथेतील जादूचा आनंद घेणे हे जादूवर श्रद्धा ठेवण्यासारखे आहे काय?

प्रथम हे स्पष्ट असावे की जादू हा विषय इस्लामने हलका मानलेला नाही. विनाशकारी अशा सात महापापांमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिर्कच्या पाठोपाठ जादूचा उल्लेख केला आहे. सूरह बकरहच्या 102व्या आयतीत बाबिलचा प्रसंग येतो. लोक तेथे असे काही शिकत, ज्याने पती-पत्नीत फूट पडावी. परंतु अल्लाहच्या अनुज्ञेशिवाय ते कोणाचेही नुकसान करू शकत नव्हते. म्हणजे जादू करणे, करविणे आणि तिच्यावर विसंबणे या तिन्ही गोष्टींना आपल्या जीवनात थारा नाही. यात तडजोड नाही.

परंतु एखादी गोष्ट करणे आणि तिची गोष्ट सांगणे यांत अंतर आहे. स्वतः दिव्य कुरआनात जादूगारांच्या कथा आहेत. फिरऔनच्या जादूगारांनी दोऱ्या आणि काठ्या टाकल्या, त्या धावत आहेत असा भास झाला आणि हजरत मूसा (अ.) यांनाही मनात क्षणभर भीती वाटली, हे सूरह ताहा आपल्याला सांगते. ती कथा वाचून कोणी जादूगार होत नाही. उलट जादूगार कोठूनही आला तरी सफल होत नाही, हे तिच्यातूनच कळते.

आता कल्पित कथेचा प्रश्न. ज्यांनी मदरशात शिक्षण घेतले आहे त्यांना ‘मकामाते हरीरी’ परिचित असेल. बसऱ्याच्या हरीरी यांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे पन्नास प्रसंग आपल्या मदरशांत अरबी भाषेसाठी आजही शिकविले जातात. त्यांतील अबू जैद सरूजी हा वेषांतर करून लोकांना फसविणारा बोलघेवडा कल्पित आहे. हरीरींनी प्रस्तावनेतच या आक्षेपाला उत्तर दिले आहे. पशूंच्या आणि निर्जीव वस्तूंच्या तोंडी बोल घालून ज्यांनी बोधकथा रचल्या त्यांना कोणी खोटारडे ठरविले नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. असत्य तेव्हा घडते, जेव्हा सांगणारा ऐकणाऱ्याला फसवू इच्छितो. कादंबरीच्या बाबतीत लेखक आणि वाचक दोघांनाही ठाऊक असते की हे रचलेले आहे. येथे फसवणूक नाही.

याहून हृद्य दाखला आदरणीय आयेशा (रजि.) यांचा आहे. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात तो येतो. वाऱ्याने पडदा सरकला आणि त्यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत एक घोडा होता, त्याला कापडाचे दोन पंख लावलेले होते. प्रेषितांनी (स.) विचारले, घोड्याला पंख कसे? त्या उत्तरल्या की सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय? यावर प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. वाचकहो, या हसण्यावर विचार करा. त्यांनी तो घोडा फेकून दिला नाही.

आपल्या वाडवडिलांचे घरही अशा कथांना परके नव्हते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्मे होशरुबा’चे खंड छापले. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा आणि अमर अय्यारची सारे काही सामावून घेणारी झोळी ही नावे उर्दू वाचणाऱ्या जुन्या पिढीला सुपरिचित होती. मराठीत नारायण धारपांनी (1925–2008) गूढकथा आणि भयकथा विपुल लिहिल्या. त्यांचा ‘समर्थ’ आपल्या शक्तीने दुष्ट शक्तींशी झुंज देतो. त्यांच्या श्रद्धेची परिभाषा आपली नाही, हे मुलाला सांगितले पाहिजे. मात्र शक्ती कोणाच्या हाती असावी आणि ती कशासाठी वापरावी, हा त्या कथांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपलाही आहे.

या प्रश्नाचे उत्तर सूरह नम्लमध्ये आहे. सबाच्या राणीचे सिंहासन डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी समोर आले, तेव्हा सुलैमान (अ.) यांनी त्याचा गर्व केला नाही. ही माझ्या पालनकर्त्याची कृपा आहे, मी कृतज्ञ राहतो की कृतघ्न होतो याची परीक्षा आहे, असे ते म्हणाले. शक्ती ही अमानत आहे आणि तिचा हिशोब द्यावयाचा आहे. जादू आणि दुआ यांतील भेदही येथेच आहे. जादूगार अदृश्य जगाला आज्ञा करू पाहतो. दुआ करणारा आपली असमर्थता मान्य करून मागतो. कादंबरी वाचून मुलाच्या मनात “मला अशी शक्ती मिळाली तर?” असा प्रश्न आला, तर त्याला गप्प करू नका. “मिळाली तर तू तिचे काय करशील आणि कोणाला उत्तर देशील?” असे विचारा.

आता मी त्या भगिनींकडे परत येतो. तावीज कशासाठी, असे मी विचारले तेव्हा खरी हकीकत कळली. घरात आजारपण होते, दुकान चालत नव्हते. भिंतीवरची जाहिरात पाहून त्या एका आमिलाकडे गेल्या होत्या. त्याने साडेपाच हजार रुपये घेतले, डोळे मिटले आणि सांगितले की घरातल्याच एका स्त्रीने ‘करणी’ केली आहे. संशय धाकट्या जावेवर गेला. तेव्हापासून एका अंगणातील दोन भावांच्या चुली एकमेकींशी बोलत नव्हत्या. इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा तेव्हा म्हणाला, “मौलाना, मी अम्मीला विचारले होते की चाचींनी केले याचा पुरावा काय? तर ती म्हणाली की ही पुस्तके वाचून तू उद्धट झालास.”

मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. काही वर्षांपूर्वी, इमामतीच्या सुरुवातीच्या काळात, अशाच एका मुलाची पुस्तके रद्दीत घालण्याचा सल्ला मी त्याच्या वडिलांना दिला होता. त्यानंतर तो मुलगा मकतबमध्ये आला नाही. मराठी साहित्याची पदवी घेतलेल्या माणसाने असा सल्ला द्यावा, याची मला आजही लाज वाटते. त्या घरात कोणी आमिल येतो काय, हे मात्र मी कधी विचारले नव्हते.

रहस्यकथेचा वाचक पुरावा मागण्यास शिकतो, आणि पुरावा मागणे हा कुरआनचा आदेश आहे. सूरह हुजुरात सांगते की बातमी आली तर शहानिशा करा, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पश्चात्ताप कराल. तीच सूरह पुष्कळ संशय टाळण्यासही सांगते. हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला तेव्हा निवाडा सदऱ्यावरून झाला: तो पुढून फाटला असेल तर आरोप खरा, मागून फाटला असेल तर खोटा. तेथे कोणी डोळे मिटून गैबाची गोष्ट सांगितली नाही. अल्लाहचे खजिने माझ्याजवळ आहेत किंवा मी गैब जाणतो असे मी म्हणत नाही, हे जाहीर करण्याचा आदेश तर खुद्द प्रेषितांना (स.) देण्यात आला आहे. मग भिंतीवरच्या जाहिरातीतील माणसाला ते कोठून कळले? भविष्य आणि गुप्त गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन जो विचारणा करतो त्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, ही सहीह मुस्लिममधील हदीस आपण मुलांना ऐकवतो. ती प्रथम मोठ्यांनी ऐकावयाची आहे.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हाच भेद पाळला आहे. ज्यांच्या अथक प्रयत्नांमुळे तो झाला त्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्यास या कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. कथा लिहिणाऱ्यास किंवा वाचणाऱ्यास तो हात लावत नाही.

याचा अर्थ प्रत्येक पुस्तक हाती द्यावे असा नाही. अल्लाहच्या मार्गापासून विचलित करणाऱ्या मनोरंजनाबद्दल सूरह लुकमानमध्ये इशारा आहे. म्हणून आई-वडिलांनी चार गोष्टी पाहाव्यात. पुस्तकापायी फज्र चुकते काय? त्यात अश्लीलता किंवा क्रौर्याचा सोस आहे काय? मूल खेळ म्हणूनसुद्धा मंत्र-उतारे करून पाहते काय? आणि कथा व श्रद्धा यांतील सीमा ते आपल्या शब्दांत सांगू शकते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी आपल्याला त्याच्याशेजारी बसून ते पुस्तक थोडे तरी वाचावे लागेल.

त्या भगिनींना मी तावीज दिला नाही. सूरह फलक आणि सूरह नास सकाळ-संध्याकाळ पढण्यास सांगितले, आजाऱ्याला डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले आणि जावेची क्षमा मागण्यास सांगितले. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरी अजून झालेली नाही. मुलगा मात्र पुस्तक परत करून दुसरे घेऊन आला आहे, आणि मगरिबनंतर त्यावर आम्ही दोघे बोलतो.

अल्लाह आपल्या मुलांच्या कल्पनेला निर्मळ ठेवो, आपल्या घरांना संशयाच्या विषापासून वाचवो आणि गैबाचे ज्ञान केवळ त्याच्याचकडे आहे हा विश्वास आपल्या हृदयात दृढ करो. आमीन.